मिक्सरची जोडणी आणि घरचे सॉसेज : सणाच्या ताटाआधी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

नाताळ व पुनरुत्थानाचा सण हे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांचे आनंदाचे दिवस होत. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर किंवा सणाच्या सकाळी पाहुण्यांसमोर काय ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक घरातील माउलीला पडतो. अलीकडे अनेक घरांत मिक्सरबरोबर मांस दळण्याची व सॉसेज भरण्याची जोडणी, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘अटॅचमेंट’ म्हणतो ती, येऊ लागली आहे. बाजारातील गोठवलेले, महाग व नाना रसायने घातलेले सॉसेज आणण्यापेक्षा घरीच ताजे का करू नये, असा विचार त्यामुळे साहजिकच मनात येतो. हा विचार चांगला आहे. मात्र सॉसेज हा पदार्थ रस्सा किंवा सुके मटण यांहून स्वभावाने वेगळा आहे. त्याची प्रकृती समजून न घेता तो केल्यास सणाचा आनंद रुग्णालयात संपण्याची भीती असते. म्हणून या लेखात आम्ही हा विषय मुळापासून समजावून देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आमच्या डोळ्यांसमोर आहे ते कामरगावसारखे गाव. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील हे गाव अमरावती धर्मप्रांताच्या परिसरात येते. १९५५ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांतात आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. वसईत किंवा गोव्यात कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळते, ते विदर्भातील गावी सहजासहजी मिळत नाही. कोंबडी व बोकडाचे मटण मिळते, डुकराचे मांस क्वचित मिळते आणि सॉसेज तर शहरातूनच आणावे लागते. त्यातच उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून गोव्याची किंवा युरोपची पाककृती जशीच्या तशी उचलून येथे चालणार नाही. येथील हवामान, येथील बाजार आणि येथील शेजार यांचा विचार करूनच हे काम हाती घ्यावे लागते.

गोव्याचे चोरीस : आपला जवळचा वारसा

आपल्या भागाला सर्वांत जवळची अशी सॉसेजची परंपरा म्हणजे गोव्यातील चोरीस. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे त्यांच्या ‘शोरिसू’ या पदार्थाने कोकणच्या मातीत नवे रूप धारण केले. अमेरिका खंडातून आलेली मिरची, माडाच्या सुरीपासून केलेले व्हिनेगर, लसूण, आले, मिरी, लवंग व दालचिनी यांच्या संगतीने तो पदार्थ पूर्णपणे गोव्याचा झाला. दोऱ्याने आवळून केलेल्या चोरिसांच्या लहान लहान मण्यांची माळ दिसावयास जपमाळेसारखी असते. म्हणून काही जण त्यांना रोझरी सॉसेज असेही म्हणतात.

या चोरिसांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की पारंपरिक चोरीस दळलेल्या मांसाचे नसून सुरीने कापलेल्या तुकड्यांचे असते. मांस व चरबी यांचे लहान तुकडे मीठ लावून दडपणाखाली ठेवतात, त्यांतील पाणी निथळू देतात, उन्हात वाळवितात आणि मग व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात मुरवून आतड्यात भरतात. म्हणजे या कामी मिक्सरची गरज मसाला वाटण्यापुरतीच असते. दुसरी गोष्ट ही, की चोरीस टिकते ते योगायोगाने नव्हे. भरपूर मीठ, व्हिनेगरची आंबट मात्रा, पाण्याचा अंश कमी करणारे वाळवण आणि चुलीवरचा धूर अशा अनेक तटबंद्या त्यात एकावर एक उभ्या असतात. पावसाळ्यात मासळी दुर्मिळ झाली, की उपयोगी पडावे म्हणून कोरड्या दिवसांत केलेला तो साठा होय. पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेले हे कौशल्य केवळ वाचून येत नाही. म्हणून ज्यांनी ते जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकलेले नाही, त्यांनी घरी वाळविलेले चोरीस करू नये, असेच आम्ही सुचवू. आपण येथे विचार करीत आहोत तो ताज्या सॉसेजचा. ते करावे, शिजवावे आणि दोन दिवसांत खाऊन संपवावे.

तुकडा आणि खिमा यांत फरक का?

मांसाच्या अखंड तुकड्यावर जे जंतू असतात, ते बहुतांशी बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. तो तुकडा तव्यावर परतला किंवा रश्श्यात उकळला, की पृष्ठभागाला सर्वप्रथम उष्णता लागते व जंतू मरतात. परंतु तेच मांस दळले, की बाहेरचा पृष्ठभाग आत मिसळतो आणि जंतूही सर्वत्र पसरतात. सॉसेज बाहेरून खरपूस तांबूस दिसत असताना त्याचा गाभा कोमट राहू शकतो. कोंबडीच्या मांसात साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू आढळतात. जुलाब, उलट्या व ताप हे त्यांचे परिणाम. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना ते जिवावर बेतू शकतात. म्हणून घरच्या सॉसेजचा पहिला नियम हा, की ते गाभ्यापर्यंत शिजलेच पाहिजे. दळलेल्या कोंबडीसाठी गाभ्याचे तापमान ७४ अंश सेल्सिअस आणि दळलेल्या बोकडाच्या किंवा डुकराच्या मांसासाठी ७१ अंश सेल्सिअस ही मर्यादा सुरक्षित मानली जाते.

डुकराच्या मांसाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकरांच्या शरीरात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. तांदळाच्या किंवा मोत्याच्या दाण्यासारख्या पांढुरक्या गाठी मांसात दिसल्यास ते मांस घेऊच नये. असे मांस कच्चे राहिले, तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. पुढे त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, पाणी किंवा भाजी यांच्याद्वारे कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. तेथून निघालेल्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्या, तर फेफरे येऊ लागते. हा आजार शाकाहारी माणसालाही होतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका घरातील निष्काळजीपणा साऱ्या वस्तीला कसा भोवतो ते कळून येईल. म्हणून डुकराचे मांस बंदिस्त जागी पाळलेल्या जनावराचे व खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे. उणे १५ अंशांवर तीन दिवस गोठविल्याने या अळ्या मरतात. पण एक दार असलेल्या साध्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असे नाही. म्हणून पूर्ण शिजविणे हाच खरा उपाय होय.

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील गोमांसाच्या पाककृती आपल्या उपयोगाच्या नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो.

मिक्सर कोणता आणि जोडणी कोणती?

‘मिक्सर’ या एकाच शब्दाने आपण दोन निरनिराळी यंत्रे ओळखतो. एक म्हणजे आपल्या घरोघरी असलेला, चटणी व वाटण करणारा मिक्सर. त्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. ते मांस कापते खरे, पण त्याबरोबरच ते तापवते आणि थोडे अधिक फिरविले, की त्याचा चिकट लगदा करते. दुसरे यंत्र म्हणजे केकचे पीठ फेटणारा उभा मिक्सर, ज्यात मोठे भांडे खाली व फेटणी वर असते. त्याच्या तोंडाशी मांस दळण्याची जोडणी बसविता येते. तिच्यात एक मळसूत्र असते. ते मांस पुढे ढकलते. मग चार पात्यांची सुरी ते कापते आणि भोकांच्या चकतीतून खिमा बाहेर पडतो. सुरी व चकती काढून तेथे नळी बसविली, की तीच जोडणी सॉसेज भरण्याचे काम करते. यंत्रागणिक मांडणी थोडी निराळी असते. तेव्हा सोबतची पुस्तिका आधी वाचावी. हाताने फिरवावयाचे खिम्याचे लोखंडी यंत्रही याच तत्त्वावर चालते आणि वीज नसतानाही उपयोगी पडते. कामरगावसारख्या ठिकाणी तेच अधिक भरवशाचे ठरेल.

ज्यांच्याकडे केवळ चटणीचा मिक्सर आहे त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. भांडे एक तृतीयांशच भरावे. मांस अर्धवट गोठलेले असावे. बटण एकसारखे चालू न ठेवता तीन-चार सेकंदांचे झटके द्यावेत आणि मध्ये भांडे हलवून घ्यावे. मिक्सर गरम होऊ लागला, की त्याला विश्रांती द्यावी. तो एकाएकी बंद पडला, तर बहुतेक मिक्सरच्या तळाशी जास्त भार आल्यास उडणारे एक लहान बटण असते. मिक्सर थंड झाल्यावर ते दाबले, की तो पुन्हा चालू होतो.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. ज्या भांड्यात कच्चे मांस दळले, त्याच भांड्यात पुढे नारळाची चटणी वाटली जाते. मांस शिजते, चटणी मात्र कच्चीच ताटात येते. झाकणाच्या रबरी वायसरखाली किंवा पात्याच्या बुडाशी मांसाचा कण राहिला, तर त्यातील जंतू थेट चटणीत उतरतात. म्हणून शक्य असल्यास मांसासाठी एक भांडे वेगळे ठेवावे. ते शक्य नसेल, तर वायसर काढून, साबण व गरम पाण्याने घासून, कडकडीत उकळते पाणी ओतून भांडे पूर्ण वाळवावे. ॲल्युमिनियमची जोडणी तीव्र क्षाराच्या पावडरीने धुतल्यास काळी पडते. तिला साधा साबणच बरा.

सारे रहस्य थंडीत आहे

चांगल्या सॉसेजचा तुकडा दातांखाली एकसंध लागतो. वाईट सॉसेज भुसभुशीत होते आणि तव्यावर त्याची चरबी वेगळी सुटते. हा फरक मसाल्याने पडत नाही. तो तापमानाने पडतो. मांसात मायोसिन नावाचे एक प्रथिन असते. मीठ घालून मळले, की ते विरघळून चिकट बनते आणि चरबीच्या बारीक कणांभोवती जाळे विणते. शिजताना ते जाळे घट्ट होऊन चरबी व रस आतच धरून ठेवते. परंतु दळताना मांस तापले, तर चरबी आधीच वितळते आणि जाळ्यात धरण्याजोगे काही उरत नाही. म्हणून मिश्रण शेवटपर्यंत १२ अंश सेल्सिअसच्या आत राहावे, अशी दक्षता घेतात. जंतूंची वाढही ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात झपाट्याने होत असते. म्हणजे जी थंडी चवीला हवी, तीच आरोग्यालाही हवी.

यासाठी करावयाचे ते सोपे आहे. जोडणीची सुरी, चकती व मळसूत्र, अथवा मिक्सरचे भांडे, अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. मांसाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे ताटात पसरून, कडा कडक होईपर्यंत गोठवावेत. शिरा व पांढरे चिवट पडदे काढून टाकावेत. ते सुरीभोवती गुंडाळले जाऊन मांस कापण्याऐवजी चेंगरू लागते. भोकांतून खिमा दाण्यादाण्याने न येता ओल्या लगद्यासारखा येऊ लागला, तर यंत्र थांबवावे, वीजपुरवठा तोडावा आणि सुरी साफ करावी. मांस ढकलण्यासाठी यंत्राबरोबर आलेला दांडाच वापरावा. बोट कदापि आत घालू नये. काम चालू असताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

एक किलोचे प्रमाण

प्रथमच करणाऱ्यांसाठी कोंबडीचे सॉसेज सर्वांत सोयीचे. मांडीचे बिनहाडाचे मांस ७५० ग्रॅम, कोंबडीची कातडी व चरबी १५० ग्रॅम आणि चुरलेला बर्फ १०० ग्रॅम असे हे प्रमाण आहे. आपल्याकडे दुकानदार कातडी सोलून फेकून देतात. ती आधी सांगून स्वच्छ करून घ्यावी. केवळ छातीचे मांस घेतल्यास सॉसेज कोरडे होते. घरी आणलेली कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर व शेजारच्या भांड्यांवर पसरतात.

या एक किलोस मीठ १८ ग्रॅम, भरडलेली मिरी ३ ग्रॅम, वाटलेला लसूण १० ग्रॅम, आले ५ ग्रॅम, धनेपूड ३ ग्रॅम, काश्मिरी मिरचीपूड ५ ग्रॅम आणि जायफळ चिमूटभर घ्यावे. मीठ चमच्याने न मोजता लहान वजनकाट्यावर तोलावे. डाळ्याचे पीठ ३० ग्रॅम घातल्यास सुटलेले पाणी शोषले जाते आणि मिश्रण हाताळण्यास सोपे जाते. प्रथम मांस व कातडी दळून घ्यावी. मग मीठ घालून थंड हातांनी किंवा फेटणीने दोन-तीन मिनिटे मळावे. त्यानंतर मसाला, पीठ व बर्फ मिसळावा. गोळा तळहाताला चिकटून हात उलटा केला तरी पडत नाही, असे झाले म्हणजे मायोसिनने आपले काम केले असे समजावे. चव पाहण्यासाठी कच्चे मिश्रण जिभेला लावू नये. एक लहान टिकिया तव्यावर पूर्ण भाजून चाखावी व मग मीठ-मसाला कमी-अधिक करावा.

वेष्टण : आतडे, कोलॅजन की केळीचे पान?

सॉसेज म्हटले, की आतड्याचे वेष्टण डोळ्यांसमोर येते. परंतु कच्ची आतडी घरी साफ करणे हे अत्यंत जोखमीचे काम आहे. वजडी साफ करून उकळून खाणे वेगळे आणि आतडे न फाडता आतून बाहेरून निर्मळ करणे वेगळे. मीठ लावून बंद पाकिटात मिळणारी तयार आतडी घेतल्यास ती पाण्यात भिजवून, आतून पाणी सोडून धुवावीत. बाजारात कोलॅजनची तयार नळीही मिळते. मात्र कोलॅजन बहुधा गाई-गुरांच्या कातडीपासून बनते. म्हणून पाकिटावरील मजकूर वाचावा आणि घरी येणाऱ्या पाहुण्यास ते प्रामाणिकपणे सांगावे.

आमच्या मते गावाकडील घरांसाठी बिनवेष्टणाचे सॉसेजच उत्तम. मोठ्या एका भोकाची चकती असलेला चकलीचा सोऱ्या या कामी छान चालतो. तो नसेल तर जाड, स्वच्छ पिशवीचा कोपरा कापूनही भागते. बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या केळीच्या पानावर पाडाव्यात, पान घट्ट गुंडाळावे आणि दोन्ही टोके दोऱ्याने बांधावीत. मग कोथिंबीरवडीच्या उंड्याप्रमाणे मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात वीस मिनिटे वाफवावे. या प्रमाणात ५० ग्रॅम वजनाची सुमारे वीस सॉसेज होतात. अन्नात टोचून पाहावयाचा तापमापक आता फारसा महाग राहिलेला नाही. जो सॉसेज करणार त्याने तो घ्यावाच. गाभा ७४ अंशांवर पोहोचला, की काम झाले. रंगावर विसंबू नये. मिरचीपूड घातलेले मांस कच्चे असतानाही शिजल्यासारखे दिसू शकते. वाफवून झाल्यावर गुंडाळ्या बर्फाच्या पाण्यात पटकन थंड कराव्यात आणि वाढण्यापूर्वी तव्यावर थोड्या तेलात सर्व बाजूंनी परताव्यात.

टांगून ठेवू नये

जुन्या चित्रांत सॉसेजच्या माळा छताला टांगलेल्या दिसतात. ते पाहून घरीही तसे करावे असा मोह होतो. हा मोह टाळावा. ‘बोट्युलिझम’ या प्राणघातक विषबाधेचे नावच सॉसेजवरून पडले आहे. लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी सॉसेज खाऊन दगावलेल्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे १८९५ साली बेल्जियममध्ये डुकराचे खारविलेले मांस खाऊन झालेल्या विषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यास कारणीभूत असलेला जंतू शोधून काढला. जेथे हवा पोहोचत नाही, आंबटपणा व मीठ कमी आहे आणि उबदारपणा आहे, तेथे हा जंतू विष निर्माण करतो. त्या विषाने स्नायू लुळे पडतात व श्वास थांबतो. घट्ट भरलेले सॉसेज उबदार स्वयंपाकघरात टांगणे म्हणजे या जंतूला हवे ते सारे पुरविणेच होय.

कारखान्यांत यावर उपाय म्हणून सोडियम नायट्राइट वापरतात. ते मिसळलेले मीठ ओळखू यावे म्हणून पुष्कळदा गुलाबी रंगाचे असते. आपल्याकडील सैंधवही गुलाबीच. परंतु या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सैंधवात जंतू रोखणारे नायट्राइट नसते. उलट नायट्राइटचे मीठ सैंधव समजून भाजीत पडले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होऊन मृत्यूही येऊ शकतो. त्याचप्रमाणे सोरा अंदाजाने घालण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. ताजे करून लगेच शिजविलेल्या सॉसेजला यांपैकी कशाचीच गरज नसते.

शिजविलेले सॉसेज फ्रिजमध्ये ५ अंशांखाली ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. कच्चे मिश्रण त्याच दिवशी शिजवावे. शिजविलेले सॉसेज बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि उन्हाळ्यात तर एका तासातच आत ठेवावे. वीज गेल्यास फ्रिजचे दार उघडू नये. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल, तर फ्रिजमधील मांस संशयास्पद मानावे. गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर बंद ठेवल्यास सुमारे दोन दिवस थंडी टिकवितो, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, सकाळच्या वेळी आणि वीज केव्हा जाते याचा अंदाज घेऊनच करावे. पुनरुत्थानाचा सण उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. त्या वेळी सॉसेजचा हट्ट न धरता साधे मटण केले, तर सणात काही उणे पडत नाही.

मर्यादा व शेजारधर्म

सॉसेज हा रोजचा आहार नव्हे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष जाहीर केला. दररोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत तो धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्या संस्थेने सांगितले. हा निष्कर्ष मुख्यतः खारविलेल्या, धुरी दिलेल्या व नायट्राइटयुक्त मांसाविषयी आहे. तरीही घरच्या सॉसेजमधील मीठ व चरबी काही थोडी नसते. वर दिलेल्या प्रमाणातील दोन सॉसेजमध्ये पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, तर प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अन्नाविषयी पवित्र शास्त्राची शिकवण आपणांस ठाऊक आहे. बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला अशुद्ध करीत नाही, असे प्रभू येशूने शिकविल्याचे संत मार्क सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायात पेत्राला झालेला दृष्टान्तही आपण वाचला आहे. परंतु संत पौल करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात याच स्वातंत्र्याला प्रेमाची मर्यादा घालतो. आपल्या खाण्याने बंधूला अडखळण होत असेल, तर ते खाणे तो सोडावयास तयार आहे. कारंजा हे जैन बांधवांचे जुने केंद्र आणि श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांचे तीर्थ आहे. या परिसरात आपले शेजारी बहुधा शाकाहारी किंवा वारकरी असतात. मांसाचे धुतलेले पाणी उघड्या नालीत न सोडणे, टाकाऊ भाग खोल पुरणे, त्यांच्याकडून आणलेल्या भांड्यांत मांस न ठेवणे आणि फराळाचे ताट देताना ते वेगळ्या भांड्यांत केले आहे याची स्वतः खात्री करून घेणे, हा आपला शेजारधर्म होय. त्याने आपली श्रद्धा उणावत नाही. उलट तिची साक्ष मिळते.

उपवासकाळातील शुक्रवारी, राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी मांसवर्जनाचा ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि तो वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. तेव्हा सॉसेजचा बेत आखताना दिनदर्शिकाही पाहावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली अन्नाच्या नासाडीची तुलना गरिबांच्या ताटातून केलेल्या चोरीशी केली होती. कोंबडीची कातडी, मांडीचे उरलेले मांस असे जे एरवी फेकले जाते, ते सॉसेजमुळे सत्कारणी लागते, ही या पदार्थाची मोठीच जमेची बाजू होय. आणि जेवढे खपेल तेवढेच करणे, ही त्याच शिकवणीची दुसरी बाजू होय.

काही भगिनींच्या मनात बचत गटामार्फत सॉसेज करून विकण्याचा विचार येऊ शकेल. विचार स्तुत्य आहे. मात्र २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे विक्रीसाठी अन्न बनविणाऱ्या लहानात लहान व्यवसायालाही नोंदणी करावी लागते, आणि मांसाच्या पदार्थांना शीतसाखळी अनिवार्य असते. घरच्या एका फ्रिजवर आणि अनियमित विजेवर ती सांभाळली जात नाही. आधी लोणची, पापड, केक यांसारख्या पदार्थांनी सुरुवात करावी आणि साधनसामग्री उभी राहिल्यावरच मांसाकडे वळावे.

थोडक्यात सांगावयाचे तर मांस थंड ठेवावे, भांडी निर्मळ ठेवावीत, मीठ तोलून घालावे, गाभ्यापर्यंत शिजवावे आणि लवकर संपवावे. या पाच गोष्टी सांभाळल्या, तर मिक्सरची ती लहानशी जोडणी आपल्या सणाला खरोखरच उपयोगी पडेल. जे ताट आपण पाहुण्यांपुढे, मुलाबाळांपुढे व घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवतो, त्यात चवीइतकीच त्यांच्या जिवाची काळजीही वाढलेली असावी. आपल्या सर्व कुटुंबांचे सण आरोग्याचे, समाधानाचे व परस्परप्रेमाचे जावोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना.